लागलं, करपलं, जळलं



भाताच्या पातेल्यात पाणी आहे तोवर आच कितीही वाढवा, भात शंभर अंशांच्या आसपासच राहतो. पाणी आटलं की मात्र काही मिनिटांत तळाची शितं पिवळी, तांबूस, काळी होतात. या एवढ्याशा अवधीसाठी मराठी स्वयंपाकघरात क्रियापदांची उतरंडच आहे. भात आधी बुडाला ‘लागतो’. वरचा अलगद काढून घेतला, तर पानावर बसलेल्यांना कळतही नाही. मग ‘करपतो’, आणि शेजारणीलाही कळतं. त्यापुढे ‘जळतो’. मग पातेलं घासणाऱ्याची कीव करायची.

पण ही उतरंड नुसती आचेची नव्हे. भरताच्या वांग्याची साल निखाऱ्यावर पार कोळसा होते, तरी वांगं करपलं असं कोणी म्हणत नाही, ते ‘भाजलं’. दूध मात्र तळाशी जरा तांबूस झालं, तरी करपलं! करपतं ते नको असताना. हवाहवासा असला की तोच रंग ‘खरपूस’. थालीपीठ खरपूस, भाकरी खरपूस, आणि विरोधकांचा समाचारही खरपूसच घ्यायचा. लोणी कढवताना तळाशी बसणारी बेरी तांबूसच हवी. साखर घालून ती खायला पोरं टपलेली असतात. पण कढवणाऱ्या बाईचं लक्ष जरा फोनकडे गेलं, की बेरी काळी आणि तुपाला करपट वास. तो वास कशानंही जात नाही.

शेतात उन्हानं रोपं करपतात, हे सरळच आहे. पण ढगाळ, दमट हवेत कांद्यावर जांभळा करपा पडतो, तिथं आच कुठली? ती बुरशी. पातीवर जांभळट चट्टे पडतात, पात वाळते, आणि शेत करपल्यासारखं दिसतं. बटाट्यावर उशिरा येणारा करपा तर इतका वाईट, की 1845पासून त्यानं आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडला.

व्याकरणाची गंमत राहिलीच. रांधणारी म्हणते, ‘भात करपला’, जणू तो आपला आपणच करपला. जेवणारा म्हणतो, ‘करपवलास’. प्रयोजक क्रियापद इतक्या नेमक्या जागी क्वचितच पडत असेल. हल्ली बऱ्याच घरांत कुकर पुरुषमंडळी लावतात. ‘करपला’ हे रूप त्यांनीही झटकन उचललं आहे.