बारावीची परीक्षा आणि घरची साथ
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा मेळावा बारावीला बसणाऱ्या मुलामुलींचा आहे. पण आम्ही अधिक बोलणार आहोत ते त्यांच्या आईवडिलांशी. पुष्कळ पालक म्हणतात, "आम्ही सातवी शिकलेलो, बारावीचा अभ्यास आम्हांस काय कळणार?" असे म्हणून ते बाजूस होतात. विषय शिकवणे हे शिक्षकांचे काम आहे. परीक्षेसाठी घर तयार करणे हे मात्र आईवडिलांनाच करता येते, आणि त्याला पदवी लागत नाही.

बाबासाहेबांचे उदाहरण आपणां सर्वांना ठाऊक आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागत आणि मग भीमरावांना अभ्यासाला उठवीत, कारण त्या वेळी घर शांत असे. पुस्तकासाठी पैसे नसले तर ते लेकींकडे जात, त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून देत. रामजी स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते हे खरे. पण येथे त्यांनी दिले ते शांत वेळ आणि पुस्तक. ते न शिकलेला बापही देऊ शकतो. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कारसभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. घराने साथ दिली आणि समाजाने पाठ थोपटली, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या.

आता आपल्या घरांकडे पाहू. मुलगा अभ्यासाला बसला की घर दबक्या आवाजात बोलते. मुलगी बसली की तिला भांड्यांची आणि पाण्याची हाक येते. परीक्षा दोघांची एकच आहे, प्रश्नपत्रिकाही एकच आहे. मुलीच्या वाट्याचे काम हे चार महिने घरातील इतरांनी वाटून घ्यावे. संध्याकाळचे तीन तास टीव्ही बंद ठेवावा आणि मोबाईल एका ठिकाणी ठेवावा. तो नियम वडिलांनीही पाळावा. लग्न, बारसे, पाहुणे यांसाठी मुलांना पेपराच्या तोंडावर गावी नेऊ नये.

दुसरी गोष्ट धाकाची. तथागतांनी सोण नावाच्या भिक्खूला वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. आपल्याकडे वर्षभर तार सैल असते आणि जानेवारी उजाडला की एकदम ताणली जाते. शेजारच्या मुलाचे गुण ऐकवले जातात, फीचा हिशोब काढला जातो. त्याने मूल अभ्यासाला लागत नाही, भिऊन जाते. रोज एकच प्रश्न विचारावा, "आज काय झाले आणि उद्या काय करायचे आहे?" आणि उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, गप्प गप्प राहत असेल तर अभ्यास बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसावे. गरज वाटल्यास डॉक्टरांकडे न्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याविषयी. भाषा आणि बहुतेक कला-वाणिज्य विषयांची लेखी परीक्षा ८० गुणांची, वेळ तीन तास. म्हणजे १८० मिनिटे. तपासणीसाठी १५ मिनिटे राखली तर एका गुणाला साधारण दोन मिनिटे मिळतात. चार गुणांचे उत्तर आठ मिनिटांत बसले पाहिजे. हे घरी घड्याळ लावून, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवूनच जमते. नुसते वाचून आठवते असे वाटते. पुस्तक मिटून लिहिले की काय येत नाही ते कळते. उरलेले २० गुण महाविद्यालयातील तोंडी परीक्षा किंवा प्रकल्पाचे असतात. ते गैरहजर राहून घालवू नका. कॉपीच्या वाटेस जाऊ नका. १९८२ च्या कायद्याने तो गुन्हा आहेच. शिवाय जे दिलेले नाही ते घेणार नाही, असे शील आपण रोज म्हणतो.

कागदपत्रांकडे पालकांनी आतापासून लक्ष द्यावे. विज्ञान शाखेच्या मुलांनी जातवैधतेचा अर्ज बारावीतच करावा. त्याला वंशावळ लागते आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला किंवा तत्सम नोंद लागते. ती गावी जाऊन शोधावी लागते. प्रवेशाच्या आठवड्यात ती मिळत नाही. शिष्यवृत्तीचे पैसे थेट बँक खात्यात येतात. खाते मुलाच्या नावाचे, चालू आणि आधारशी जोडलेले आहे ना, हे एकदा काउंटरवर विचारून घ्यावे. बंद पडलेल्या खात्यापायी पैसे अडकून बसल्याचे आम्ही नेहमी पाहतो.

शेवटी निकालाविषयी. उत्तीर्ण होण्यास शंभरात ३५ गुण लागतात. एखादा विषय राहिला म्हणून मुलाला लगेच कामावर पाठवू नका आणि मुलीसाठी स्थळे पाहू नका. जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा होते; त्याच वर्षी पुढचा मार्ग मोकळा होऊ शकतो. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, गुणपडताळणी करता येते. एका विषयापायी शिक्षण कायमचे सुटले, तर घरात शिकलेले माणूस येण्यास आणखी एक पिढी जाते.

ज्यांचे घर एका खोलीचे आहे त्यांनी काय करावे? येथे संस्थेचे काम सुरू होते. विहाराचे सभागृह डिसेंबरपासून परीक्षा संपेपर्यंत रोज सायंकाळी ७ ते १० अभ्यासासाठी खुले ठेवावे, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे. मुलींना घरी पोहोचविण्याची पाळी महिला मंडळाने आणि पालकांनी वाटून घ्यावी. आमच्यासारख्या नोकरदारांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत. कोणी इंग्रजी घ्यावे, कोणी हिशेब. त्याला मोठा निधी लागत नाही. दिवे, सतरंज्या आणि वेळेवर किल्ली आणणारा माणूस एवढे पुरे आहे.

बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्द सर्वांत आधी सांगितला. तो मुलांनी अभ्यासाने, पालकांनी साथीने आणि संस्थेने उघड्या दाराने पाळावा, एवढेच सांगून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.

जय भीम! नमो बुद्धाय!