तान्ह्या मुलाचा होकार

मराठी बायबलमध्ये एक शब्द आहे जो मराठी नाही. बाप्तिस्मा. पाप, कृपा, तारण, प्रार्थना या सगळ्यांना आपल्या भाषेत घर मिळाले. हा एकटा ग्रीकमधून आला आणि जवळपास तसाच राहिला. वसईकडचे कॅथलिक बांधव त्याला स्नानसंस्कार म्हणतात, तो शब्द मला गोड वाटतो. पण जुन्या छापील मराठी बायबलात बाप्तिस्माच. मी कवितेच्या वाटेने जाणारा माणूस. ज्या शब्दाचे भाषांतर होत नाही, तिथे माझे पाय आपोआप थांबतात. तिथे बहुधा जुने भांडण पुरलेले असते.

इथेही आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडवणे. बंगालमधल्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली बायबलात बुडवण्याचाच शब्द घातला, तेव्हा ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने त्या भाषांतराला पैसे द्यायचे नाकारले. कारण डोक्यावर नुसते पाणी शिंपडणारी चर्चेसही तिचे आश्रयदाते होती. १८४० साली बॅप्टिस्टांनी भाषांतरासाठी वेगळी संस्था काढली. एका क्रियापदावरून! इतरांनी शहाणपणाने ग्रीक शब्दच ठेवला, म्हणजे ज्याने त्याने आपापला अर्थ घ्यावा.

पण पाणी किती, हा लहान प्रश्न. खरा प्रश्न पाणी कोणाला, हा आहे. ज्याला बोलता येत नाही, ज्याने अजून काही मानले नाही की नाकारले नाही, अशा पाळण्यातल्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा का? आणि तो मिळायच्या आधीच ते मूल गेले, तर त्याचे काय होते?

आमच्या घरात मूल जन्मले की त्याच्या उजव्या कानात हलक्या आवाजात अजान देतात. सातव्या दिवशी अकीका, नाव, जावळ. हे सगळे व्हावे अशी हौस असते, पण त्यावाचून मूल दगावले तर त्याच्या परलोकाची काळजी कोणी करत नाही. मूल निर्मळच जन्मते, अशी इस्लामची धारणा. त्यामुळे ख्रिस्ती जगातला हा वाद मी बाहेरच्या माणसाच्या कुतूहलाने वाचत आलो. वाचता वाचता कळले की हा पंडितांचा वाद असला तरी त्याची किंमत आयांनी मोजली आहे.

सुरुवातीला सगळे एकमुखी नव्हते. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेजचा तर्तुल्यन मुलांच्या बाबतीत थांबावे असे सुचवतो; पन्नास वर्षांनी त्याच शहरातला बिशप सिप्रियन म्हणतो, आठव्या दिवसाचीसुद्धा वाट पाहू नका. सम्राट कॉन्स्टंटाईनने बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, मरणाच्या दारात. बाप्तिस्म्याने आधीची सारी पापे धुतली जातात, मग तो जितका उशिरा तितका बरा, असा त्या काळी अनेकांचा हिशेब असे. संत ऑगस्टिन याची आई मोनिका इतकी धर्मनिष्ठ, पण तिनेही मुलाचा बाप्तिस्मा लांबणीवर टाकला. तो ३८७ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मिलानला झाला.

आणि याच ऑगस्टिनने पुढे तान्ह्यांच्या बाप्तिस्म्याला असा काही आधार दिला की हजार वर्षे तो हलला नाही. त्याचा तर्क उलट्या बाजूने चालतो. चर्च तान्ह्यांना बाप्तिस्मा देते. बाप्तिस्मा पापक्षमेसाठी असतो. तान्ह्याने स्वतः तर काही केलेले नाही. तेव्हा त्याच्यात आदामाकडून आलेले पाप असलेच पाहिजे. पेलाजियस आणि त्याच्या अनुयायांना हे वारशाचे पाप मान्य नव्हते. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने त्यांना धिक्कारले. मग बाप्तिस्म्याविना गेलेल्या मुलांचे काय? ऑगस्टिनने मन घट्ट करून सांगितले, त्यांनाही शिक्षाच, फक्त सर्वांत सौम्य. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तान्ह्यांना तीनदा बुडवून बाप्तिस्मा देणे चालू ठेवले, पण जन्मतः अपराधी ही कल्पना त्या रूपात कधी पत्करली नाही.

पश्चिमेतल्या मध्ययुगीन पंडितांना ती सौम्य शिक्षासुद्धा जड गेली. त्यांनी या मुलांसाठी स्वर्ग आणि नरक यांच्यामध्ये एक सीमेवरची जागा कल्पिली, लिंबो. तिथे यातना नाहीत, पण देवाचे दर्शनही नाही. कवी दांतेने आपल्या महाकाव्यात नरकाच्या पहिल्या वर्तुळात हा लिंबो रंगवला. त्या मुलांच्या शेजारी त्याने कोणाला बसवले पाहा: होमरला, ॲरिस्टॉटलला, आणि इब्न सीना, इब्न रुश्द व सुलतान सलाहुद्दीन यांनाही. मला ही संगत वाईट वाटत नाही. ज्या सुलतानाने जेरुसलेम जिंकून घेतले, त्याला एका ख्रिस्ती कवीने निष्पाप बालकांच्या वस्तीत जागा दिली.

पण काव्यात जे शोभते ते बाळंतिणीच्या खोलीत शोभत नाही. लिंबोतल्या मुलाची स्वर्गात आईशी भेट नाही. त्याला पवित्र दफनभूमीत जागाही नाही. स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ ओबरब्यूरेन नावाचे तीर्थस्थान होते. पंधराव्या शतकात मृत जन्मलेली बाळे दूरदूरहून तिथे आणत. निखाऱ्यांनी त्यांना ऊब देत, ओठांवर पीस ठेवत. पीस जरा हलले की बाळात क्षणभर जीव आला असे समजून लगेच बाप्तिस्मा, आणि मग पवित्र मातीत मूठमाती. तिथल्या बिशपनेच १४८६ साली या प्रकाराविरुद्ध पोपकडे तक्रार केली. पुढे सुधारकांनी ते देऊळ पाडले. १९९० च्या दशकात तिथे उत्खनन झाले, तेव्हा सुमारे अडीचशे तान्ह्या व अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे अवशेष निघाले. ते पीस का हलले, हे निखाऱ्यांच्या गरम हवेला ठाऊक. त्याला भोंदूगिरी म्हणणे मला जमत नाही.

निकड एवढी, म्हणून नियम सैल. कॅथलिक शिकवणीनुसार प्राणसंकटात कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. सुईण देऊ शकते. १४३९ च्या फ्लोरेन्सच्या परिषदेने तर परधर्मीयालाही ती मुभा दिली. म्हणजे चर्चच्या अपेक्षेप्रमाणे करण्याचा माझा हेतू असेल, तर मी दिलेलाही चालेल! या दयाळू नियमाची दुसरी बाजू १८५८ मध्ये बोलोन्यात दिसली. एद्गार्दो मोर्तारा हा ज्यू घरातला सहा वर्षांचा मुलगा. तो तान्हा असताना आजारी पडला, तेव्हा घरातल्या ख्रिस्ती मोलकरणीने गुपचूप त्याच्यावर पाणी शिंपडले होते. बोलोन्यात तेव्हा पोपचे राज्य. बाप्तिस्मा झालेले मूल ज्यू घरात वाढवायचे नाही, असा कायदा. शिपायांनी मुलाला नेले. आईबापांनी आकाशपाताळ एक केले, युरोपभर ओरड झाली, पोप नववे पायस बधले नाहीत. मुलगा पुढे पाद्री झाला आणि १९४० मध्ये बेल्जियममध्ये वारला. ओंजळभर पाणी, आणि मूल कोणाचे हा निकाल लागला.

आता झुरिककडे वळू. १५२५. सुधारक झ्विंग्लीने रोमशी फारकत घेतली होती. त्याच्याच भोवतीचे काही तरुण विचारू लागले: सगळे बायबलवर घासून पाहायचे ना? मग तान्ह्यांचा बाप्तिस्मा बायबलात दाखवा. तिथे एखाद्याच्या सबंध घराण्याचा बाप्तिस्मा झाल्याचे उल्लेख आहेत, पण त्या घरात पाळणा होता की नाही हे लिहिलेले नाही. नगरपरिषदेने फर्मान काढले की आठ दिवसांत मुलांचा बाप्तिस्मा करा, नाहीतर शहर सोडा. त्या तरुणांपैकी कोनराड ग्रेबेलची मुलगी तेव्हा दोन आठवड्यांची होती. तिला त्याने नेले नाही. २१ जानेवारीच्या रात्री ही मंडळी एका घरात जमली आणि जाणत्या वयाच्या माणसांनी एकमेकांना बाप्तिस्मा दिला. लोक त्यांना ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा देणारे, म्हणू लागले. त्यांना स्वतःला हे नाव मान्य नव्हते. पहिला झालाच नाही, तर पुन्हा कसला?

वर्षभरानंतर परिषदेने शिक्षा ठरवली, बुडवून मारण्याची. पाण्याचा हट्ट धरता ना, घ्या पाणी. ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मांत्सचे हात गुडघ्यांवरून बांधून, मधून काठी घालून, त्याला लिमाट नदीत ढकलले. काठावरून त्याची आई आणि भाऊ त्याला ओरडून सांगत होते, ढळू नकोस. प्रॉटेस्टंटांच्या हातून गेलेल्या या पहिल्या ॲनाबॅप्टिस्टाची आठवण म्हणून २००४ मध्ये त्या नदीकाठी शिळा बसली, आणि झुरिकच्या सुधारित चर्चने क्षमा मागितली.

बाजू दोन्ही समजून घ्याव्या लागतात. लुथरचे उत्तर मला फार विचार करायला लावते. तो म्हणाला, विश्वास असेल तरच बाप्तिस्मा खरा म्हणता, मग मोठ्या माणसाच्या विश्वासाची तरी खात्री कोणाला? आज आहे, उद्या डळमळतो. मग काय रोज बाप्तिस्मा घ्यायचा? बाप्तिस्मा देवाच्या शब्दावर उभा आहे, आपल्या मनःस्थितीवर नाही. कॅल्विनचा मार्ग वेगळा. श्रद्धावंतांचे मूल जन्मतःच देवाच्या करारात येते. बाप्तिस्मा ही त्या कराराची खूण, जशी यहुद्यांत सुंता. म्हणून ते मूल पाण्याआधी गेले तरी करार मोडत नाही, आणि सुईणीने घाईघाईने पाणी शिंपडायचे कारण उरत नाही. बॅप्टिस्टांचे म्हणणे याच्याही पुढचे: तान्हे देवाच्या दयेने तरतेच, बाप्तिस्मा हा समजून उमजून दिलेला होकार. गंमत अशी की ज्यांनी तान्ह्यांना पाणी नाकारले, त्यांनाच तान्ह्यांच्या तारणाची धास्ती सर्वांत कमी.

या होकाराच्या आग्रहातून आणखी एक गोष्ट निघाली. विश्वास स्वतःचाच असायला हवा, तर तो राजाच्या हुकमाने कसा येईल? इंग्लंडमधल्या पहिल्या बॅप्टिस्ट मंडळीचा संस्थापक थॉमस हेल्विस याने १६१२ मध्ये लिहिले की ज्यू असो, तुर्क असो, पाखंडी असो, त्याच्या श्रद्धेबद्दल त्याला शिक्षा करण्याचा अधिकार राजाला नाही. तुर्क म्हणजे तेव्हाच्या बोलीत मुसलमान. हेल्विस तुरुंगात मेला. त्याने बहुधा एकही मुसलमान पाहिला नसेल.

याच वादाचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशी येऊन गाठतो. १८१२ मध्ये अमेरिकेतून तरुण मिशनऱ्यांची तुकडी दोन जहाजांनी हिंदुस्थानकडे निघाली. तान्ह्यांना बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाची. ॲडोनिरम जडसनला ठाऊक होते की बंगालात विल्यम कॅरी भेटणार, आणि कॅरी पडला बॅप्टिस्ट. वाद झालाच तर तयारी असावी म्हणून जडसन समुद्रावर ग्रीक बायबल घेऊन बसला, आणि वाचता वाचता स्वतःच पलीकडे गेला. बायको ॲन आधी म्हणत होती, तुम्ही बॅप्टिस्ट झालात तरी मी होणार नाही. सप्टेंबरात कलकत्त्यात दोघांनी बाप्तिस्मा घेतला. ज्यांनी पाठवले त्यांच्याशी संबंध संपला. जडसन ब्रह्मदेशात गेला आणि त्याने तिथल्या भाषेत बायबल नेले. तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट जुन्या मतावर राहिले आणि १८१३ मध्ये मुंबईला आले. तीच अमेरिकन मराठी मिशन. पुढे तिने अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, ठाण मांडले; १८४२ मध्ये तिथून 'ज्ञानोदय' निघाले; रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये तिच्याच छत्राखाली आले. मराठीचे व्याकरण लिहिणारा कॅरी मात्र वादाच्या दुसऱ्या तीरावरचा.

आपल्याकडची पहिली पिढी, बाबा पदमनजी, टिळक, ही सगळी जाणत्या वयात, घरदार तुटत असताना पाण्यापाशी गेली. त्यांच्या होकाराबद्दल कोणाला शंका असणार? प्रश्न त्यांच्या नातवंडांचा. ती ख्रिस्ती घरातच जन्मली. जे आजोबांनी किंमत देऊन घेतले, ते नातवाला वारशाने मिळते की त्यानेही ते घ्यायचे असते? हा प्रश्न सगळ्याच धर्मांत आहे, मी माझ्या घरातही तो पाहतो. ख्रिस्ती लोकांनी तो उघड्यावर मांडून त्यावर भांडण केले एवढेच.

लिंबोचे काय झाले? २००७ च्या एप्रिलमध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाचा अहवाल निघाला. लिंबो हा श्रद्धेचा अधिकृत सिद्धांत कधीच नव्हता, आणि बाप्तिस्म्याविना गेलेली बाळे तरतील अशी आशा धरायला भक्कम कारणे आहेत, असे त्यात आहे. खात्री नव्हे, आशा. बाप्तिस्मा लवकर द्यावा हे मात्र कायम. धर्मशास्त्रज्ञ शब्द मोजून टाकतात.

प्रॉटेस्टंटांपुढे प्रश्न राहिला तो एकत्र नांदण्याचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले. त्यात तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि तो न मानणारे बॅप्टिस्टही. लिमाटच्या काठावर ज्यावरून जीव गेला, ते दोन्ही त्यांनी एका घटनेत लिहिले: दोन्ही पद्धती पर्यायी म्हणून मान्य. आईबापांना हवे तर तान्हेपणी बाप्तिस्मा आणि कळत्या वयात त्याची कबुली; नको असेल तर आधी आशीर्वाद आणि पुढे स्वतःच्या तोंडाने मागितलेला बाप्तिस्मा.

अडचण उरते ती तिसऱ्याची. लहानपणी ज्याच्या डोक्यावर पाणी पडले, आणि विशीत ज्याला मनापासून वाटते की आपला खरा बाप्तिस्मा व्हायचाच आहे. १९८२ मध्ये पेरूतल्या लिमा येथे अनेक चर्चेसनी मिळून केलेला मसुदा सांगतो की बाप्तिस्मा एकदाच, पुन्हा नाही. तो तरुण म्हणतो, मी पुन्हा मागतच नाही, पहिल्यांदाच मागतो आहे. त्याची आई म्हणते, मग त्या दिवशी तुला मांडीवर घेऊन मी जे केले, ते काय होते?