इनेजिरो असानुमा : खाणकामगारांचा कैवारी

तांब्याच्या खाणीपाशी ज्याचा पाया पडला आणि कोळशाच्या खाणीतील महान संप चालू असतानाच ज्याचा घात झाला, असे एका जपानी लोकसेवकाचे जीवन आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. मियाके नावाच्या ज्वालामुखी बेटावर १८९८ साली जन्मलेले इनेजिरो असानुमा वासेदा विद्यापीठात असतानाच मजूर चळवळीत ओढले गेले, आणि आशिओच्या तांब्याच्या खाणीतील तंट्यात कामगारांची बाजू घेतल्याबद्दल त्यांनी कैदही भोगली. १ डिसेंबर १९२५ रोजी शेतकरी व कामगारांचा पक्ष स्थापन होऊन सव्वीस वर्षांचे असानुमा त्याचे सरचिटणीस झाले. सरकारने त्याच दिवशी मनाईहुकूम काढून तो पक्ष मोडला. पुढे युद्धकाळात त्यांनी लष्करी धोरणास दुजोरा दिला, हा त्यांच्या चरित्रातील डाग आहे आणि तो झाकू नये.

युद्धानंतर समाजवादी पक्षासाठी ते देशभर इतके अविश्रांत हिंडले, की लोक त्यांना ‘मानवी इंजिन’ म्हणू लागले. तोक्योच्या फुकागावा या श्रमिक वस्तीतील साधे बिऱ्हाड मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. गिरणगावच्या चाळींतून हयात घालविणारे पुढारी ज्यांनी पाहिले, त्या मुंबईकरांना याचे मोल सांगावयास नको.

मार्च १९६० मध्ये ते पक्षाध्यक्ष झाले, तेव्हा क्यूशू बेटावरील मिइके येथील कोळशाच्या खाणीत संघर्षाची आग पेटलेली होती. खनिज तेलापुढे कोळसा मागे पडू लागताच मित्सुई कंपनीने १२७८ कामगारांना बडतर्फ केले, त्यांत संघटनेचे बिनीचे कार्यकर्ते हेरून घेतले, आणि २५ जानेवारीस टाळेबंदी पुकारली. मार्चअखेर खाणीच्या दारावर पहारा देणाऱ्या एका संपकऱ्यास भाडोत्री गुंडांनी भोसकून ठार केले. मालकाच्या हिशेबाच्या वहीत माणूस हा केवळ खर्चाचा आकडा असू नये, एवढीच त्या कामगारांची मागणी होती, आणि माझ्या मते ती सर्वस्वी न्याय्य होती.

१२ ऑक्टोबरला तोक्योच्या हिबिया सभागृहात भाषण चालू असताना, दूरचित्रवाणीच्या यंत्रांसमक्ष, एका सतरा वर्षांच्या उजव्या पंथीयाने असानुमांच्या देहात तलवार खुपसली. त्याच व्यासपीठावर उपस्थित असलेल्या पंतप्रधान इकेदांनी पुढे संसदेत आपल्या या प्रतिस्पर्ध्याला श्रद्धांजली वाहिली.

असानुमांच्या हत्येनंतर वीस दिवसांनी मिइकेचा संप मिटला, कामगार हरले. माणसे कमी करून उत्पादन वाढविण्याला त्यांनी केलेला विरोध किती रास्त होता, हे लवकरच दिसून आले : ९ नोव्हेंबर १९६३ रोजी त्याच खाणीत कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला आणि ४५८ माणसे मृत्युमुखी पडली.