भाविक गातात तेव्हा

(संत सिसिलियाच्या सणानिमित्त खारघर येथे गायकवृंद व भाविकांसमोर केलेले भाषण)



२२ नोव्हेंबर हा संत सिसिलियाचा सण. ती संगीताची आश्रयदाती संत, म्हणून या दिवसांत आपण गायकवृंदाचे आभार मानतो. ते मानलेच पाहिजेत. आठवडाभर नोकरी करून, लोकलचा प्रवास करून ही माणसे सरावाला उभी राहतात. ही सेवा लहान नाही. पण आजचा माझा प्रश्न गायकवृंदासाठी नाही, बाकांवर बसणाऱ्या आपणा सर्वांसाठी आहे. मिस्सेमध्ये आपण गातो का? आणि जे गातो, ते घरी गेल्यावर आपल्याजवळ उरते का?

शेवटच्या भोजनानंतर प्रभू येशू आणि त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन मग जैतून डोंगराकडे निघाले, असे संत मत्तय सांगतो. पुढे काय वाढून ठेवले आहे हे प्रभूला ठाऊक होते. तरी तो गायला. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात होते, पाय खोड्यात अडकवलेले होते, आणि मध्यरात्री ते देवाची स्तुती गात होते. इतर कैदी ऐकत होते. तिथे ना पुस्तक होते, ना पेटी, ना पडद्यावर शब्द. जे पाठ होते तेच कामी आले.

आपल्या खारघरमध्ये कर्करोगावरील उपचारांसाठी दूरदूरची माणसे येतात. त्यांत पालघरकडच्या एका पाड्यावरची आजी होती. तिला वाचता येत नव्हते. प्रार्थनापुस्तक दिले तर ती ते उशाखाली ठेवायची. पण मरियामातेची दोन गाणी तिला तोंडपाठ होती. सुई टोचण्याआधी ती तीच गुणगुणायची. शेजारच्या खाटेवरची बाई ख्रिस्ती नव्हती, पण काही दिवसांनी तीही त्या चालीत हुंकार देऊ लागली. आजीला धर्मशिक्षणाचे प्रश्न विचारले असते तर उत्तरे देता आली नसती कदाचित. पण दुखण्याच्या वेळी देवाशी काय बोलावे, हे तिला शोधावे लागले नाही.

आपल्या भाषेत ही वाट जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराणे ऐकण्या-गाण्याची सवय होती. फादरांनी ती सवय मोडली नाही. त्यांनी ओवी हाती घेतली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते रायतूर येथे छापले गेले आणि पुढे चर्चमधून गायले जाऊ लागले. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांच्या घरी शुभवर्तमान ओवीतून पोहोचले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनांतून तेच काम केले. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण मराठी बोलणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसावर त्यांचे ऋण आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज दिला. लोकांच्या भाषेला उपासनेत जागा मिळाली. भाविकांनी मुके प्रेक्षक होऊन बसू नये, उपासनेत सहभागी व्हावे, असे त्यात म्हटले आहे. मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असेही त्यात स्पष्ट आहे. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी भारतीय संगीत आणि नृत्य ख्रिस्ती भक्तीसाठी वापरले, ते याच वाटेवर.

आता आपल्या सेवाकार्याकडे येतो. वारली समाजात तारप्याचा फेर असतो. वाजवणारा मध्ये आणि सारे त्याच्याभोवती हात धरून. त्या फेरात जो उतरतो, तो फक्त ऐकत नाही, तो नाचतो. आपल्या मिस्सेत मात्र चार माणसे माईकवर गातात आणि दोनशे माणसे ऐकतात, असे होऊ लागले आहे. त्या फेराकडून आपण हे शिकू शकतो.

पण एक सावधगिरीही हवी. तारपा ही शोभेची वस्तू नव्हे. तो पिकाच्या हंगामाशी आणि वारली लोकांच्या श्रद्धांशी जोडलेला आहे. नाताळच्या कार्यक्रमात काहीतरी आदिवासी हवे, म्हणून तो व्यासपीठावर उभा करणे यात त्यांचा मान नाही. आणि वह्या, धान्य किंवा औषध यांच्या बदल्यात कोणाकडून प्रार्थना वा गाणे मागायचे नाही. मदत ही मदतच असली पाहिजे.

जे आदिवासी बंधुभगिनी आपल्याच विश्वासाचे आहेत, त्यांची गोष्ट वेगळी आहे. झारखंड, छत्तीसगडमधून घरकामासाठी, बांधकामावर आलेली तरुण मुलेमुली नवी मुंबईत रविवारी मिस्सेला येतात. गावी ती मांदर वाजवून, मोकळ्या गळ्याने गातात. इथे ती मागच्या दाराशी उभी राहतात आणि मिस्सा संपताच निघून जातात. त्यांना आपण जुने कपडे देतो. त्यांचे गाणे कधी विचारतो का? ज्याच्याकडून आपण काही घेत नाही, तो आपल्या घरात कायम पाहुणाच राहतो.

म्हणून माझी विनंती अशी. आगमनकाळ जवळ आला आहे. प्रत्येक कुटुंबाने या काळात एक गाणे अर्थ समजून पाठ करावे आणि रात्रीच्या रोझरीनंतर पुस्तकाशिवाय म्हणावे. गायकवृंदाने दर रविवारी एक गाणे असे निवडावे की जे सर्वांना येते, आणि त्या वेळी माईक बंद ठेवावा. आणि आपल्या धर्मगुरूंच्या संमतीने, त्या मुलांना आधी विचारून, एखाद्या रविवारी अर्पणाचे गीत त्यांच्या भाषेत होऊ द्यावे. ते पुढे उभे राहून गातील. आपण ऐकू, आणि पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर गाऊ.

गाण्यासाठी चांगला गळा लागतोच असे नाही. त्या आजीचा आवाज चिरका होता.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.