मनाचे दुखणे आणि योग्य उपचारक
(इंदूर येथील मराठी श्रोत्यांसमोरील भाषण)



ताप आला की आपण वैद्य गाठतो. मन खचले की मात्र लोकलज्जेस्तव गप्प राहतो. मनोविश्लेषणात रुग्ण मनात येईल ते बोलतो आणि उपचारक त्याच्यासह दडपलेल्या भावनांचा अर्थ शोधतो. ही पद्धत आपल्याकडे नवी नव्हे. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली.

हे उपचार दीर्घकाळ चालतात. म्हणून खाजगी उपचारकास त्याचे शिक्षण, नोंदणी, शुल्क व गुप्ततेची हमी आधीच विचारावी. त्यात संकोच नसावा. खर्च न पेलल्यास बाणगंगा येथील शासकीय मानसिक रुग्णालय आहे, तसेच १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची विनामूल्य सेवा आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा आपला हक्क ठरविला आहे. तो निःसंकोचपणे बजवावा, ही विनंती.