दृष्टी परतली नाही, तरी वाचन परतावे

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



नेत्रविभागाच्या वर्षभरातील कार्याचा तपशील अहवालात अन्यत्र दिला असल्याने त्याची पुनरुक्ती करीत नाही. ज्या रुग्णांना शस्त्रक्रियेचा लाभ होऊ शकत नाही, त्यांच्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

२०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील व्यक्तींच्या अंधत्वामागे सुमारे ६६ टक्के प्रकरणांत मोतीबिंदू हे कारण आढळले. त्यावर शस्त्रक्रिया आहे, आणि तिच्यासाठी दाते सदैव पुढे येतात. परंतु काचबिंदूने गेलेली दृष्टी परत आणता येत नाही. मधुमेहाने पडद्याची झालेली हानी आणि काही जन्मजात दोष यांतही पुष्कळदा तीच स्थिती असते. अशा वेळी नेत्रतज्ज्ञ ‘आता उपचार नाही’ असे सांगतात. वैद्यकीय दृष्ट्या ते सत्यच असते. मात्र रुग्ण घरी पोहोचेपर्यंत त्या वाक्याचा अर्थ ‘आता शिक्षण नाही, नोकरी नाही’ असा झालेला असतो. हा दुसरा अर्थ खरा नाही, हे सांगण्याचे उत्तरदायित्व रुग्णालयाचेच आहे, असे मला वाटते.

संगणकावरील मजकूर आवाजात वाचून दाखविणाऱ्या प्रणालीला ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. तिचा उपयोग करणारा माऊसऐवजी कळफलकावर काम करतो. ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवरील बारीक उंचवटे बोटांना जागा दाखवितात. बाण-कळ दाबली की पुढील ओळ ऐकू येते आणि टंकलेले अक्षरही लगेच उच्चारले जाते. पूर्वी अशा प्रणालीस मोठी रक्कम मोजावी लागे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली विकसित करण्यास आरंभ केला. ती विनामूल्य असून मराठीही वाचते आणि पेनड्राइव्हवरूनही चालते. अल्पदृष्टी असलेल्यांसाठी अक्षरे मोठी करण्याची आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे दाखविण्याची सोय विंडोजमध्येच आहे.

या साधनांनी काय साधते, याचे उदाहरण जळगाव जिल्ह्याशी नाते असलेल्या श्रीमती प्रांजल पाटील यांचे आहे. बालपणीच दृष्टी गमावल्यावर त्यांचे शिक्षण दादरच्या श्रीमती कमला मेहता अंधशाळेत झाले. पुढे पुस्तके स्कॅन करून ‘जॉज’ या स्क्रीन रीडरच्या साहाय्याने ऐकत त्यांनी अभ्यास केला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१५ च्या परीक्षेत त्या ७७३ व्या आल्या. रेल्वे लेखा सेवेतील नियुक्ती दृष्टिहीनतेच्या कारणावरून नाकारण्यात आली, तेव्हा त्यांनी पुन्हा परीक्षा दिली. २०१६ च्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुअनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या.

प्रत्येकजण जिल्हाधिकारी होणार नाही. परंतु आपल्या खात्यातील जमाबाकी दुसऱ्यास न विचारता जाणून घेणे, हाही सन्मानच आहे.

आता विश्वस्तांसमोर दोन विनंत्या ठेवतो.

पहिली विनंती कागदपत्रांची. जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. आत मात्र तो इंग्रजी अक्षरांच्या संकेतांत साठविलेला असतो, त्यामुळे स्क्रीन रीडर निरर्थक ध्वनी उच्चारतो. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर तो नीट वाचतो. म्हणून औषधांच्या सूचना, शिबिरांची पत्रके आणि हा वार्षिक अहवालही युनिकोडमध्ये उपलब्ध असावा. व्हॉट्सॲपवर पत्रकाचे छायाचित्र पाठविताना खाली मजकूरही टंकावा. याला खर्च काहीच नाही.

दुसरी विनंती प्रशिक्षणाची. शिंदखेड्याच्या मुलाला हे शिकण्यासाठी नाशिक वा मुंबई गाठावी लागू नये. मी वाणिज्य शाखेचा असल्याने हिशेबच मांडतो. प्रणालीचा खर्च शून्य. वापरात नसलेले दोन चालू लॅपटॉप आणि हेडफोन दात्यांकडून मिळू शकतील. खरा खर्च आहे तो प्रशिक्षकाच्या मानधनाचा, आणि तो प्रशिक्षक शक्यतो स्वतः दृष्टिहीन असावा. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, मानधनावर ते कोरता येत नाही, याची मला जाणीव आहे. तरीही शिकविणारा नसेल तर यंत्र कपाटातच राहील.

रुग्णांच्या आप्तांनीही तोवर थांबण्याचे कारण नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात ‘टॉकबॅक’ ही सुविधा असते. ती सुरू केल्यावर बोट फिरेल तेथील शब्द ऐकू येतो आणि दोनदा टिचकी मारल्यास तो निवडला जातो. आरंभी काही दिवस चुका होतील. कृपया फोन हातातून काढून घेऊ नका. वाचनासाठी २०१६ मध्ये सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. दिव्यांग प्रमाणपत्रही अवश्य काढून घ्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानुसार शासकीय नोकऱ्यांत अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी एक टक्का जागा राखीव आहेत. त्या जागांपर्यंत पोहोचण्याची वाट आज बहुधा संगणकावरूनच जाते.

आपल्या औदार्यावर हे रुग्णालय उभे आहे. शस्त्रक्रियागृहाच्या दारातून निराश परतणाऱ्यासाठी दुसरे एक दार उघडण्यासही आपले साहाय्य लाभेल, असा विश्वास व्यक्त करतो.