पिशव्या सांभाळायला कुणी बसायचं नाही

शाळांच्या सहली सुरू झाल्या की गटांतही सहलीचा विषय निघतो. आमच्याकडे दरवर्षी देवदर्शन ठरलेलं. यंदा मात्र तरुण सुनांनी हट्ट धरला की देव पुष्कळ झाले, आता ते मोठं पार्क बघायचं, उलटंसुलटं फिरवणाऱ्या गाड्यांचं. मीटिंगमध्ये हात वर झाले, ठराव झाला, आणि लगेच आमच्या गटातल्या एक आक्का म्हणाल्या, "जा तुम्ही. नाहीतर मी येते, पण बसणार नाही कशात. मी पिशव्या सांभाळते."

आक्कांना एक पाय गुडघ्याखाली नाही. दुचाकीला टेम्पोची धडक बसली, त्याला आठ वर्षं झाली. शिबिरात जयपूर पाय बसवला. तेव्हापासून त्या शेतात जातात, धार काढतात, गटाची वही घेऊन बँकेत जातात. आणि आठ वर्षं प्रत्येक सहलीला, प्रत्येक जत्रेला पिशव्या सांभाळतात. आपल्यालाही ते सोयीचं असतं, खरं सांगायचं तर. चपला, डबे, पोरांचे स्वेटर, सगळं एका ठिकाणी राहतं. पण गटात बाकीच्या अकराजणी आहेत, त्यांच्यातल्या कुणाच्या वाट्याला हे काम कधी येत नाही, एवढं आमच्या ध्यानात आलं.

म्हणून आज बोलायचंय ते याच्यावर. कृत्रिम पाय असलेल्या बाईनं पाळण्यात, त्या फिरत्या गाड्यांत बसावं का, बसायचं तर कसं.

आधी त्या पायाबद्दल थोडं. जयपूर पाय १९६८ साली जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात तयार झाला. डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर, या दोघांनी मिळून तो बनवला. डॉ. सेठींना पुढे १९८१ साली मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. तोवर जे कृत्रिम पाय मिळायचे, ते बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या हिशेबानं केलेले. आपल्याकडे उकिडवं बसायचं असतं, मांडी घालायची असते, अनवाणी चिखलात उतरायचं असतं. म्हणून त्यांनी रबराचं पाऊल केलं, चहूबाजूंनी वळणारं. १९७५ साली जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती सुरू झाली, ती हा पाय फुकट बसवून देते. सुधा चंद्रन तुम्हाला माहीत आहेत, मालिकांत मोठी टिकली लावून सुनांना छळणाऱ्या. १९८१ च्या अपघातानंतर त्यांचा पाय गेला, आणि जयपूर पाय लावून त्या पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. त्यांच्याच आयुष्यावर १९८६ साली 'नाचे मयूरी' हा सिनेमा आला, त्यात काम त्यांनीच केलं.

आपल्या घरात मात्र पाय बसवला की पहिला प्रश्न येतो, "आता भाकरी थापायला बसता येतं का?" बाईचा पाय कामाला लागला की सगळ्यांचं समाधान होतं. त्या पायानं मजा करायची म्हटलं की "काय गरज आहे?" गरज तर कुणालाच नसते, शंभर फुटांवरून खाली यायची. तरी माणसं पैसे देऊन रांगेत उभी राहतात.

आम्ही निघायच्या आधी पार्कला फोन केला. तीन गोष्टी विचारल्या. कुठल्या गाड्यांत पाय खाली लोंबकळतात, कुठल्या गाडीत बसताना कृत्रिम पाय काढावा लागतो, आणि काढला तर तो ठेवायचा कुठे. फोनवरच्या मुलीला पहिल्यांदा काही कळलं नाही, तिनं दोनदा साहेबांना विचारून सांगितलं. पण सांगितलं.

या गाड्यांचं असं असतं. काहींत पायाखाली फळी असते आणि मांडीवर आडवा दांडा येतो. तिथे गुडघ्याखालचा कृत्रिम पाय तसाच ठेवून बसायला बहुतेक अडचण येत नाही. काहींत पाय अधांतरी लोंबतात. गाडीनं जोरात गिरकी घेतली की ती ओढ पायावरही येते. आक्कांचा पाय मांडीजवळच्या चामडी पट्ट्यानं धरलेला. तो सैल झाला, पाय निसटला आणि वरून खाली कुणाच्या डोक्यात पडला, तर काय होईल विचार करा. म्हणून तिथे पाय काढायला सांगतात, ते बरोबर आहे. पाण्याच्या घसरगुंडीवरही बऱ्याच ठिकाणी काढायला लावतात.

पाय गुडघ्याच्या वरून गेला असेल, तर गोष्ट वेगळी होते. मांडीवरचा दांडा आपल्याला धरतो तो मांडीच्या आधारानं. मांडीच आखूड असेल तर तो धरेल काय? २०११ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या एका पार्कमध्ये, युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक सैनिक उंच रोलर कोस्टरवरून बाहेर फेकला गेला आणि वारला. घाबरवायला हे सांगत नाही. कुठली गाडी कुणाला चालेल हे आपली हिंमत बघून ठरत नाही, दांडा कुठे टेकतो आणि किती टेकतो यावर ठरतं, म्हणून सांगितलं. कृत्रिम हात असलेल्यांना पकडायला एक हात धड आहे का, हे बघतात.

आता आमच्या सहलीत काय झालं ते ऐका. पहिल्याच मोठ्या गाडीपाशी तिथला पोरगा आक्कांची चाल बघून म्हणाला, "काकू, तुम्ही तिकडे बाकावर बसा." आक्का म्हणाल्या, "का?" त्याला का ते सांगता येईना. आमच्यातल्या दोघीतिघींचा आवाज चढायला लागला होता, पण आक्कांनीच त्यांना गप्प केलं आणि म्हणाल्या, "तुझ्या वरच्या माणसाला बोलव, मी थांबते." वरचा माणूस आला. त्याच्याकडे त्या गाडीची नियमांची फाईल होती. त्यानं विचारलं, गुडघा आहे का, मांडी पूर्ण आहे का, हातानं पकडता येतं का. मग म्हणाला, "बसा, फक्त पाय काढावा लागेल. यात पाय लोंबतात."

अवघड होतं ते इथेच. एवढ्या लोकांत पाय काढायचा. आक्का घरातही दार लावून काढतात. दोन मिनिटं त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही नाही बोललो, बसा म्हणून आग्रह केला नाही, राहू द्या असंही म्हटलं नाही. मग त्या बाकावर बसल्या, सलवार वर सरकवली, पट्टा सोडला, पाय काढून जावेच्या हातात दिला. बघणाऱ्यांनी बघितलं. एका लहान पोरानं आईला मोठ्यानं विचारलं, "त्यांचा पाय निघतो?" आक्काच म्हणाल्या, "निघतो. तुझा निघतो का बघ." ते पोर खरंच पाय ओढून बघायला लागलं.

दोघींच्या खांद्यावर हात टाकून त्या खुर्चीपर्यंत गेल्या. जाऊबाई खाली पाय छातीशी धरून उभ्या. गाडी सुटली तशी आमच्यातली दोन धट्टीकट्टी पाय असलेली माणसं खंडोबाला नवस बोलायला लागली. खाली आल्यावर आक्कांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्यानं म्हणा. म्हणाल्या, "वर मला कुणी 'जपून गं' म्हणालं नाही. सगळ्या आपापल्या जिवाला भ्यालेल्या."

नंतरच्या एका गाडीला त्यांना नाही म्हणाले. ती उंच खांबावरून खाली सोडतात ती. मध्येच बंद पडली तर लोखंडी शिडीनं उतरावं लागतं, असं तिथल्या बाईनं शिडी दाखवून सांगितलं. आक्कांनी शिडी बघितली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे, ही माझ्यानं होणार नाही." पहिल्या ठिकाणचा नकार आणि हा नकार, यात फरक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हेच आहे. दिव्यांग आहे एवढ्यावरून भेदभाव करता येत नाही, करायचा तर त्यामागे योग्य कारण दाखवावं लागतं. मनोरंजनात बरोबरीनं भाग घेता यावा, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. तेव्हा नाही म्हणाले तर भांडायच्या आधी कारण विचारा, आणि तोंडी पटलं नाही तर नियम दाखवा म्हणा.

तयारीचं थोडं सांगतो. साडी नको, सलवार किंवा सैल पँट बरी, पाय काढताघालताना अडत नाही. आणि हे सगळ्यांनाच, पदर, ओढणी, लांब वेणी घट्ट बांधल्याशिवाय कुठल्याच फिरत्या गाडीत बसू नका. पायात घालायचे सुती मोजे दोनतीन जास्तीचे घ्या. उन्हानं, पाण्यानं ते भिजतात, आणि ओल्या मोज्यानं कातडी सोलते. रबरी पाऊल पाण्यानं बिघडत नाही, पण वरचा साचा आतून कोरडा पुसल्याशिवाय पुन्हा घालायचा नाही. दुपारी थोडा वेळ पाय काढून बसावं, कातडी बघावी. लाली आली असेल आणि पंधरावीस मिनिटांत गेली नाही, तर त्या दिवशी चालणं कमी करायचं. फार वेळ काढूनही ठेवू नका, उरलेला भाग सुजतो आणि मग साच्यात जात नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. शनिवार-रविवार टाळा, रांगेत तासभर उभं राहण्यातच निम्मा जीव जातो. आणि दिव्यांग प्रमाणपत्र जवळ असू द्या, सवलत आहे का हे फाटकावर विचारायला लाजू नका.

पार्क लांब पडतं, तिकीटही महाग. पण जत्रेतला पाळणा, टोराटोरा, साखळ्यांच्या खुर्च्या तर आपल्या गावात येतात. तिथे फाईल नसते, नियमाची पाटी नसते, तेव्हा आपणच बघायचं. पाळणा पूर्ण थांबल्याशिवाय चढायचं नाही, आधी बुड टेकायचं, मग हातानं पाय आत ओढून घ्यायचा, आणि पुढच्या दांड्याची खीळ स्वतः हलवून बघायची. साखळ्यांच्या खुर्चीत पाय लोंबतो, तिथे काढलेला बरा. पाळणेवाल्याला आधीच सांगा, "उतरवताना माझी खुर्ची खाली आली की नीट थांबव." पाळणेवाले ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

तुमच्या गटात असं कुणी असेल आणि पाय बसवणाऱ्या शिबिराची किंवा प्रमाणपत्राची माहिती हवी असेल, तर गटाच्या मीटिंगमध्ये सांगून ठेवा, आम्ही येतो तेव्हा घेऊन येऊ. आक्कांनी पुढच्या सहलीचे पैसे भरायला सुरुवात केलीय, महिना पन्नास रुपये. पुढच्या बुधवारी याच वेळेला शेळ्यांच्या विम्याबद्दल बोलू. नमस्कार.